तीन खाडे, मग अबोला

७ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेच्या रोबोट टीमसाठी नऊजण आले. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी तेवीस होते आणि स्पर्धेच्या दिवशी चार, म्हणून नऊ ऐकून मला काही आनंदाच्या उकळ्या फुटल्या नाहीत.

कोर्नेया बाई आम्हाला फिजिक्स शिकवतात आणि कागदोपत्री आमच्या मार्गदर्शक आहेत. त्यांनी तळघरातल्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली, "रोबोट तुमचा, जबाबदारीही तुमची," म्हणाल्या आणि बस पकडायला पळाल्या. कॅप्टन कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. बारावीतले आम्ही दोघंच, मी आणि सबीन. सबीन म्हणाला, "इलिंका, मी कोड लिहितो, माणसं तू सांभाळ. माणसांतली चूक मला सापडत नाही."

गेल्या वर्षीच्या स्पर्धेतली ती अडीच मिनिटं! ज्या पोराच्या लॅपटॉपवर शेवटचा कोड होता तो सिबियू शहरात मावसबहिणीच्या लग्नात नाचत होता, फोन बंद करून. आमचा रोबोट मैदानात ढिम्म उभा. माइकवरचा माणूस आमच्या शहराचं नाव घेऊन म्हणाला, "फगराशचा रोबोट विचारात पडलेला दिसतोय!" आणि अख्खा हॉल हसला. मी अजून अंघोळ करताना ते हसणं ऐकते.

यंदा नियम. आधी नियम, मग स्क्रू.

१२ ऑक्टोबर

आजोबांकडून नियम लिहून घेतले. सरळ मेळ्याचे!

नाताळात आमच्या गावात बिनलग्नाच्या पोरांचा मेळा निघतो. दोन आठवडे सगळे एका घरात राहतात, घरोघर गात फिरतात, आणि म्होरक्या म्हणेल ती पूर्व दिशा. आजोबा तीन वर्षं म्होरक्या होते. पोरींना मेळ्यात जागा नाही. आम्ही दारात उभं राहायचं, अक्रोडाचा पाव पुढे करायचा आणि लाजायचं. लहानपणी मी विचारलं होतं, मी का नाही? आई म्हणाली, "तुला पाव भाजता येतो ना, मग?" हे उत्तर आहे का!

आजोबा आलुबुखाराच्या दारूचा पेला घेऊन रंगात आले होते. "खाडा केला की दंड. तीन खाडे झाले की पाटीवरचं नाव खोडायचं. मग त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. रस्त्यात दिसला तरी नाही. बोलेल तोही बाहेर!" त्यांच्या वेळी ग्लिगोरांच्या निकूलायचं नाव खोडलं होतं म्हणे. "बिचारा आम्हाला बघून रस्ताच बदलायचा," असं म्हणून हसले. मी भराभर लिहून घेतलं आणि उठले. याला म्हणतात शिस्त. त्या मेळ्यात कुणी लग्नाला गेलं म्हणून गाणं थांबलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सात नियम वाचून दाखवले. कोण चुळबुळ करतंय ते बघत होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार यायचंच. चौथा नियम माझा स्वतःचा: कारणं सांगायची नाहीत. घरचं, बसचं, पोटाचं, कुठलंच नाही. गेल्या वर्षी कारणं ऐकून ऐकून माझे कान किटले होते. सहावा आजोबांचा, तीन खाडे आणि अबोला. सातवा: हंगाम चालू असताना नियम बदलायचे नाहीत.

सबीन म्हणाला, "फटके पण ठेव ना, पूर्ण मेळाच होऊन जाऊ दे." सगळे हसले, पण सह्या सगळ्यांनी केल्या. दहावीतल्या तेओफिलनं तर सही करून खाली वेळ पण टाकली.

नववीतली एक पोरगी आहे, स्मारांदा. लांबच्या कुठल्याशा गावाहून येते. तिनं बोट ठेवून सगळे नियम वाचले आणि एकच विचारलं, "पेनानं करायची ना सही?" आवाज इतका बारीक की दोनदा विचारावं लागलं.

दारावर नऊ नावांची यादी लावली. लांबून दोनदा बघून आले.

६ नोव्हेंबर

एकही खाडा नाही! सबीनसुद्धा वेळेवर. मला माझीच भीती वाटते.

१८ नोव्हेंबर

रोबोट चालला! पंजानं ठोकळा उचलला, वळला, ठेवला. दहापैकी सात वेळा. आठव्यांदा पंजा सुटून तेओच्या बुटावर पडला आणि तो म्हणाला, "नोंद करा, आपल्याच सैन्याकडून गोळीबार."

वायरी सगळ्या स्मारांदाच्या. अशा बांधते की नीट घातलेली वेणी वाटावी. गेल्या वर्षी आमच्या रोबोटच्या पोटात चिमणीचं घरटं होतं. तिला विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, "वडिलांचा ट्रॅक्टर." आणखी दोन वायरी बांधल्या. मग आपणहून म्हणाली, "इथं मला बोलावं लागत नाही, म्हणून आवडतं." मी हसले. विचित्र पोर आहे, पण चांगली.

२ डिसेंबर

बर्फ. स्मारांदा आली नाही. खाडा एक.

४ डिसेंबर

पुन्हा नाही. निरोपसुद्धा नाही. दोन.

६ डिसेंबर, शनिवार

आली! वडिलांबरोबर बाजारच्या गाडीतून. आज संत निकोलायचा, गुपचूप भेटी ठेवायचा दिवस, तिनं सगळ्यांच्या हातमोज्यांत एकेक संत्रं लपवून ठेवलं होतं. तेओ ओरडला, "माझ्या हातमोज्यात ट्यूमर!"

मी तिला बाजूला घेतलं. "मंगळवारी, गुरुवारी कुठं होतीस?" ती हातमोजे चढवू लागली. "अगं, बोल की." तिनं भिंतीकडे बघितलं, नियम लावलेत तिकडे, आणि म्हणाली, "कारणं सांगायची नाहीत ना."

उर्मट! संत्री देऊन माझं तोंड बंद होत नाही. म्हटलं, मंगळवारी बघू.

९ डिसेंबर, मंगळवार

आली नाही.

चार वाजेपर्यंत थांबले, मग सगळ्यांना दाराशी बोलावलं. मार्करनं तिचं नाव खोडलं. म्हटलं, आजपासून तिच्याशी कुणी बोलायचं नाही, बोलेल तो बाहेर. कुणी जागचं हललं नाही. मला बोलताना मजा आली, हे खरं आहे, इथं खोटं कशाला लिहू. वाटलं, आजोबांना असंच वाटत असणार.

सबीन जाताना म्हणाला, "म्होरके, जरा जास्त झालं का?" मी म्हटलं, अडीच मिनिटं आठव.

१२ डिसेंबर

कँटीनमध्ये स्मारांदा ट्रे घेऊन आमच्या टेबलाकडे आली. तेओनं मोकळ्या खुर्चीवर दप्तर ठेवलं. मग दुसऱ्यानंही ठेवलं. ती तशीच उभी राहिली, सूप सांडत होतं. मग खिडकीपाशी जाऊन एकटी जेवली. मी पावाचे तुकडे करत बसले.

१६ डिसेंबर

मी शाळेतल्या अबोल्याचा विचारच केला नव्हता! माझ्या डोक्यात होती ती आमची खोली, आमचा रोबोट. पण नववीच्या वर्गात आमचे तिघं आहेत, त्यांचं बघून आता वर्गातलं कुणीच तिच्याशी बोलत नाही म्हणे. बाकीच्यांना कारणही माहीत नाही. पोरांना काय, खेळच मिळाला.

आणि आज बसचं कळलं. माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्याच दिशेला राहते, ती सहज बोलून गेली: दोन तारखेपासून त्यांच्या गावची शेवटची बस साडेतीनला. आम्ही सुरू करतो तीनला. राहिली असती तर सात किलोमीटर बर्फातून चालत. हे ती मला सांगू शकत होती. नाही, नव्हतीच. मीच लिहून ठेवलं होतं.

सबीनच्या बाबांची व्हॅन आहे. नुसतं विचारलं असतं तरी सोय झाली असती!

१८ डिसेंबर

कोर्नेया बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. "इलिंका, मी सूचनाफलकावर काय लावलंय वाचलंस का? मुलांनी स्वतःच स्वतःला शिस्त लावली. शून्य खाडे! हेडसर किती खूश आहेत." म्हटलं, बाई, त्या पोरीशी कुणी बोलत नाही. "मग तुमच्यात मिटवा ना. मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही असं स्पर्धेवालेच सांगतात."

उद्यापासून सुट्टी. भित्र्यासारखं बरं वाटलं.

२५ डिसेंबर

मेळा आला. यंदा सबीन म्होरक्या. टोपीला फुलं, मिशी काढलेली कोळशानं! माझ्यासमोर गंभीर तोंड करून उभा राहिला आणि मी अक्रोडाचा पाव पुढे केला. हळूच म्हणाला, "लाज की जरा." एरवी मी त्याला लाथ घातली असती. आज हसूच आलं नाही.

२८ डिसेंबर

तीनदा स्मारांदाला फोन लावायचा म्हणून हातात घेतला. लावला नाही. माझंच नाव खोडलं गेलं तर? स्पर्धा ३१ जानेवारीला. माझं शेवटचं वर्ष.

७ जानेवारी

आज संत इओनचा सण, मेळ्याचा शेवटचा दिवस. मेळा मोडला. आमच्या ओसरीवर पोरं प्यायली, रडली, एकमेकांच्या गळ्यात पडली. ती गेल्यावर मी आजोबांना सगळं सांगितलं, स्मारांदाचं, अबोल्याचं. मला वाटलं होतं, म्हणतील, म्होरक्यानं कच खायची नसते.

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "तुमचा मेळा कधी मोडतो?"

"मोडत नाही, आजोबा. जूनपर्यंत चालतो. मग पुढच्या वर्षी पुन्हा तोच."

"अगं पोरी! आमचा अबोला दोन आठवड्यांचा होता. आजच्या दिवसापर्यंत. आज मेळा मोडतो तो कशासाठी? निकूलायला मी स्वतः त्याच्या घरून ओढत आणला होता. पहिला पेला त्याला. पुढं त्याच्या लग्नात मी रात्रभर वाढपी होतो."

"हे तुम्ही मला सांगितलंच नाही!"

"तू थांबलीस कुठं? तुला नियम पाहिजे होते. लिहून घेतलेस आणि उठून गेलीस."

मग म्हणाले, "ज्याचा शेवट ठरलेला नाही ती शिक्षा कुणाला देऊ नये. जनावरालाही नाही." आणि झोपायला गेले. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या हॉलमध्येसुद्धा नाही.

८ जानेवारी

शाळा सुरू. ठरवलंय, तिला परत आणायचं. बाकी काही झालं तरी हे करायचं.

स्मारांदा शाळेत आलीच नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

स्मारांदा आली काल. आणखी बारीक झालीये. मधल्या सुट्टीत कोट घालून जिन्याखाली उभी असते.

आज बैठक घेतली. नीट सांगितलं, बसचं, आजोबांचं, संत इओनच्या दिवसाचं, सगळं. म्हटलं, चूक माझी. चौथा नियम काढू, सहावा काढू, तिला बोलावू, सबीनच्या व्हॅननं घरी सोडू.

मग तेओ उभा राहिला. त्यानं नियमांचा कागद वाचला, अगदी माझ्याच सुरात. "सात. हंगाम चालू असताना नियम बदलायचे नाहीत." मग म्हणाला, "मी तापात आलो होतो. एकोणचाळीस सेल्सियस ताप होता. का आलो? नियम सगळ्यांना सारखा आहे म्हणून. आता तिला वेगळा?"

"तेओ, माणूस आहे ती."

"मी पण!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो दुष्ट नाही, हेच तर वाईट आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्यानं.

मतं घेतली. आठांपैकी बाजूनं दोन, मी आणि सबीन. सबीनचा हातही अर्धाच वर होता.

आपलेच दात, आपलेच ओठ.

१५ जानेवारी

वायरी आता तेओ बांधतो. जमत नाहीत. दोनदा मोटर बंद पडली. कुणीही तिचं नाव काढलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

२० जानेवारी

ठरवलं होतं की आज तिच्याशी सगळ्यांसमोर बोलायचं. जिन्यापर्यंत गेले. ती होती. मला बघून सरळ उभी राहिली, हात कोटाच्या खिशातून बाहेर काढून. मी चपलेच्या दुकानात चुकून शिरल्यासारखं इकडेतिकडे बघितलं आणि परत आले.

स्पर्धा झाली की बोलेन. अकरा दिवस. अकरा दिवसांनी काय होतंय!

मी भित्री आहे. हे लिहिलं म्हणून कमी भित्री होत नाही.

३१ जानेवारी, शनिवार

जिंकलो.

म्हणजे दुसरे आलो, राष्ट्रीय फेरीत गेलो. रोबोट एकदाही थांबला नाही. परीक्षकांनी विचारलं, एवढ्या लहान शाळेत हे कसं जमलं? तेओनं आमचे सात नियम काढून दिले. परीक्षकबाई म्हणाल्या, "हे प्रत्येक टीमनं वाचायला हवं." फोटो काढला कागदाचा! सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते.

गेल्या वर्षीचं हसणं परवडलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

केलं.

सव्वातीनला बस थांब्यावर गेले. आज सरावाला सुट्टी, त्यामुळे आमची सगळी पोरं समोरच्या टपरीवर गरम प्रेत्सेल पाव खात होती. बरंच झालं. मी स्मारांदापाशी गेले आणि मोठ्यानं म्हटलं, "काय गं, स्मारांदा."

तिनं आधी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला म्हणतेय का. मग माझ्याकडे. अबोल्याचे छप्पन्न दिवस. मी मोजलेत.

मी सगळं बोलले. माफ कर म्हटलं, नियम चुकीचे होते, मी चुकीची होते, आधीच यायला हवं होतं, जिंकेपर्यंत थांबले हे तर सगळ्यात वाईट. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुझं नाव खोडतील."

"खोडू देत."

"मला वाटलं मी काहीतरी घाणेरडं केलं असणार. कुणी सांगत नव्हतं काय ते."

बस आली. मी तिच्याबरोबर चढले. तिच्या गावापर्यंत गेले आणि सबीनच्या बाबांना फोन करून त्यांच्या व्हॅननं परत आले. वाटेत तिनं ट्रॅक्टरच्या वायरिंगबद्दल वीस मिनिटं बोलून घेतलं. एवढं बोलते ती!

५ फेब्रुवारी

दारावर माझं नाव खोडलंय. पट्टी लावून, सरळ रेघ. तेओचं काम.

किल्ली मी त्याच्या बाकावर ठेवली. तो वर बघेना. कान लाल झाले होते.

९ फेब्रुवारी

सबीन आणि मी तीन वर्षं एका बाकावर बसतो. आज त्यानं खोडरबर मागायचं म्हणून कोपरानं वही सरकवली, त्यावर लिहिलं होतं, "राष्ट्रीय फेरीनंतर. शपथ." मी खोडरबर दिलं. त्याला काय बोलू? मीही हेच म्हणाले होते.

स्मारांदाशी रोज थांब्यावर भेट होते. ती असली की मला चालतं. तिला सांगितलं, आपण दोघी मिळून पुढच्या वर्षी वेगळी टीम काढू. पुढच्या वर्षी मी इथं नसणार, हे दोघींनाही माहीत होतं.

१३ फेब्रुवारी

राष्ट्रीय फेरीला वायरी पुन्हा लावायच्या आहेत, आणि ते तेओला जमणार नाही. ऐकलं की त्यांनी बैठक घेतली. नवा नियम केला नाही, सातवा आड येतो. म्हणे, खोडलेल्याला नवा सदस्य म्हणून घेता येतं, त्याच सात नियमांवर नव्यानं सह्या करून. हुशार आहे तेओ. स्मारांदाला घरी सोडायला सबीनची व्हॅनसुद्धा ठरली.

घेतील तिला परत! झालं, मला एवढंच हवं होतं.

आज ती थांब्यावर नव्हती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जिन्यात स्मारांदा दिसली. गळ्यात टीमचं कार्ड, हातात वायरींची गुंडाळी. मी म्हटलं, "काय गं, घेतलं ना परत?"

ती भिंतीच्या कडेनं, खाली बघत, माझ्याजवळून निघून गेली.